बंद इंजिनाचं विमान आणि माझं चुकीचं पत्रक

अन्याय झाला तो आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या, माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहणाऱ्या मुलीवर. होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी बारा वाजता. त्याच दिवशी सकाळी सात चाळीसला तिने इंजिन बंद पडलेलं छोटं विमान वेसाव्याच्या किनाऱ्यावर उतरवलं होतं. एकटीने. चाक वाकलं नाही, काच तडकली नाही, कोणाला ओरखडा नाही. आणि बारा वाजता तिच्या फ्लाइंग क्लबच्या चिटणिसांनी, इंजिनाचं झाकणही न उघडता, अहवाल टाइप करून घेतला. त्यात लिहिलं होतं: धावपट्टी गाठता येत असताना विद्यार्थिनीने किनारा निवडला. भुसभुशीत वाळूत, मासे सुकवायच्या वलांडीपासून काही फुटांवर विमान थांबलं. जीवितहानी टळली ती केवळ दैवयोगाने. पंधरा दिवसांनी तिघांची समिती बसणार होती आणि तिचं नाव ठेवायचं की काढायचं ते ठरवणार होती. नाव काढलं तर सरकारी सवलत जाणार. सवलत गेली तर टेलिफोन ऑपरेटरच्या पगारात कोणी विमान शिकत नाही.

इथवर वाचून चिटणिसांवर चिडला असाल तर जरा थांबा. त्या अहवालाला छापील पुरावा कोणी पुरवला? मी.

मी पत्रकं लिहायला शिकले ती संपात. वडिलांची गिरणी संपात बंद झाली ती उघडलीच नाही. ते मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन झाले आणि माझ्याकडे स्टेन्सिल कापायचं कसब तेवढं उरलं. तिथे आम्हाला एकच धडा होता. मालकाचं निवेदन निघायच्या आत आपलं पत्रक रस्त्यावर पाहिजे. चौकशी करत बसलात तर वाट लागली. तर त्या दिवशी दुपारी चाळीत बातमी आली, क्लब तिलाच दोष देतोय हेही आलं, आणि मी किनाऱ्यावर एक चक्कर मारून, कोणालाही काही न विचारता स्टेन्सिल कापायला बसले. संध्याकाळी साडेसहाला दोनशे प्रती तयार. दुसऱ्या दिवशी होळीभोवती वाटल्या. मथळा होता, ‘चमत्कार!’ खाली लिहिलं होतं की विमान दगडासारखं कोसळत होतं, बोंबलांच्या वलांडीपासून चार हातांवर येऊन थांबलं, देव तारी त्याला कोण मारी, आणि अशा मुलीला शिक्षा करणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

चार हात हे मी स्वतः पाहिलं होतं. बातमी कळल्यावर बस पकडून गेले होते ना! विमान अगदी वलांडीजवळ उभं होतं. आणखी काय विचारायचं?

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती ड्यूटी संपवून, क्लबात जाऊन आली आणि गॅलरीत माझ्यासमोर ते पत्रक धरलं.

"हे तू लिहिलंस?"

"मग कोण? झकास झालंय ना?"

"दगडासारखं कोसळणारं विमान. कोण कोसळत होतं गं?"

"इंजिन बंद पडलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मग काय मग?"

माझे वडील दारात विडी ओढत बसले होते. त्यांना राहवलं नाही. "इंजिन बंद पडलां तर तां दगडासारखां खाली येतलां. दुसरां काय?"

"काका, तुम्ही पायडल मारायचं थांबवलंत की सायकल तिथेच आडवी होते का?"

वडिलांनी विचार केला. "चढाव असलो तर होता."

ती हसली, पण माझ्याकडे वळली तेव्हा हसत नव्हती. "चिटणिसांनी आज मला तुझं पत्रक वाचून दाखवलं. मोठ्याने. म्हणाले, बघा, तुमचीच माणसं लिहितायत, चमत्कार. म्हणजे तुमचं कौशल्य नाही. तुमचीच माणसं लिहितायत, वलांडीपासून चार हात. म्हणजे आम्ही खोटं बोलत नाही. फाइलला लावलंय ते, यार. मी दोन खोल्या सोडून राहते. विचारायला कितीसं चालायचं होतं?"

खरं सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला. जिच्यासाठी बोटं काळी केली तीच बोलतेय. पण रागाच्या खाली एक प्रश्न खडा टोचावा तसा टोचत होता आणि तो मी अखेर विचारलाच.

"मग ते पडलं का नाही?"

"रविवारी सायकली भाड्याने घे दोन," ती म्हणाली. "आरेत जाऊ."

आरेत गोठ्यांच्या बाजूने खाली येणारा एक लांब उताराचा रस्ता आहे. वर उभं राहून तिने मला सांगितलं, पायडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, फक्त ये. मी आले. अर्धा रस्ता हसत आणि अर्धा ओरडत. खाली दुधाच्या स्टॉलपर्यंत सायकल आपोआप पोहोचली.

"इंजिन होतं?"

"नाही."

"कोसळलीस?"

"पण हा उतार आहे ना! आकाशात उतार कुठून आणलास?"

"नाक खाली केलं की झाला उतार," ती म्हणाली. "पंखाला धरून ठेवतो तो वारा. पंख पुढे पळतोय तोवर वारा मिळतो. इंजिन असतं तेव्हा ते पळवतं. इंजिन गेलं की उंची पळवते. थोडी थोडी उंची द्यायची आणि वेग घ्यायचा. माझ्याकडे दोन हजार फूट उंची होती. म्हणजे दोन हजार फुटांचा उतार मी बरोबर घेऊनच फिरत होते."

आम्ही थंड दुधाच्या बाटल्या घेऊन कठड्यावर बसलो. मला आता थांबवत नव्हतं. किती लांब जातं? हजार फुटांमागे साधारण अडीच किलोमीटर, वारा आडवा आला नाही तर. मग नाक थोडं वर धरलं तर आणखी लांब जाईल ना?

"तिथेच माणसं मरतात," ती म्हणाली. "जमीन जवळ यायला लागली की हात आपोआप दांडा मागे ओढतो. वाटतं, जरा उचलून धरू. वेग मरतो, पंखाखालचा वारा सुटतो, आणि मग मात्र तुझं पत्रक खरं ठरतं."

"म्हणजे वाचायचं असेल तर नाक जमिनीकडे ठेवायचं?"

"हो. शिकवताना सगळ्यात जास्त वेळ तेच शिकवतात. मनाच्या उलट आहे ना."

मग तिने त्या सकाळचं सांगितलं. मी पहिल्यांदाच विचारत होते आणि ती पहिल्यांदाच कोणाला तरी सलग सांगत होती. क्लबात तिला मधेच थांबवत होते.

मढच्या बाजूने ती परत येत होती. इंजिन दोनदा खोकलं आणि गेलं. मला वाटलं होतं एकदम शांतता होत असेल. तसं होत नाही म्हणे. समोरचा पंखा वाऱ्यानेच गरगरत राहतो आणि पंखांच्या आधाराच्या दांड्या शीळ घालतात. पहिलं काम वेगाचा काटा. तो जागेवर येईपर्यंत नाक खाली. दुसरं काम जागा शोधणं. मगच इंजिनाच्या नादी लागायचं. तिने पेट्रोलची तोटी बघितली, उघडी होती. दुसऱ्या टाकीवर टाकली. किल्ली डावीकडे, उजवीकडे, पुन्हा मधे. काही नाही. रेडिओवर सांगितलं, किनाऱ्यावर उतरतेय.

"आणि धावपट्टी?"

"दिसत होती. हिशोबाने पोहोचतही होती. सरळ गेले असते, वाऱ्याकडे तोंड करायला वळावं लागलं नसतं तर. त्या तरच्या खाली काय होतं माहितीये? बिल्डिंगा, शाळा, झोपड्या. शंभर फूट कमी पडले असते तर कोणाच्या तरी गच्चीत. किनारा खालीच होता. सुकती, म्हणजे ओहोटी, नुकतीच संपली होती, वाळू अजून रिकामी होती, दूर टोकाला दोन-चार माणसं."

"मग घाबरली नाहीस?"

"घाबरले ना. पण वेगळ्याच गोष्टीला. माझी उंची जास्त झाली होती."

मी बाटली खाली ठेवली. "जास्त? कोसळणाऱ्याची उंची जास्त कशी होईल?"

"तेच सांगतेय तुला! जागा अगदी पायाखाली आली आणि मी सातशे-आठशे फुटांवर. तशीच उतरायला गेले असते तर पट्टी संपून खाडीच्या तोंडात. म्हणून समुद्रावरून एक मोठं वळण घेतलं, उंची घालवली, आणि उत्तरेकडे तोंड करून आले, कारण वारा तिकडून होता. पेट्रोल बंद केलं, दार थोडं उघडून ठेवलं, अडकू नये म्हणून. चाकं टेकली तेव्हा वाळू फरशीसारखी होती."

इथे मला माझा चार हातांचा पुरावा आठवला. "पण तू थांबलीस ती वलांडीजवळ. भुसभुशीत वाळूत. मी पाहिलंय."

"मी तिथे थांबलेच नाही," ती म्हणाली. "मी पार खाली, पाण्याच्या बाजूला थांबले. बर्फाच्या कारखान्यात फोन करायला गेले. फोन लागेना, लागला तर कोणी उचलेना. तासाभराने परत आले तर विमान वर. चिटणिसांना सांगितलं. त्यांनी लिहिलं, विद्यार्थिनी गोंधळलेल्या अवस्थेत."

"वर नेलं कोणी?"

"मला काय माहीत? सगळा गाव जमला होता."

पत्रकाच्या धंद्यात मला हा प्रश्न कधी पडला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेसाव्याला गेले ती हातात कागद न घेता. वलांडी म्हणजे बांबूंच्या उंच आडव्या ओळी. त्यांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगत एक मावशी उभी होती. पन्नाशीची, काष्टा घट्ट, हात बघण्यासारखे भरभर चाललेले. मी विचारलं, मावशी, ते विमान इथेच उतरलं ना?

"इथं?" तिने हात थांबवला नाही. "इथं इमान उतरलं असतं तं माजं बोंबील ऱ्हायलं असतं काय? इथं आमी ओढून आनलं."

"तुम्ही?"

"मंग कोन? तुजा बापूस?"

आणि मग तिने जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला हसू यावं की रडू ते कळेना. होळीचा आदला दिवस म्हणजे चौदस. चौदशीला पहाटे सुकती, आणि पुनवेजवळ पाणी उधाणाचं. सात-साडेसातला पाणी वळलेलं असतं, पण कडक वाळू अजून उघडी असते. नऊला तिथे कमरेएवढं पाणी. ती पोर फोन करायला गेली आणि पाणी वर चढायला लागलं. आता बंद पडलेली होडी कोणी भरतीत ठेवतं का? तर तिच्या नवऱ्याने, म्हणजे होडीच्या नाखवाने, हाळी दिली, पंधरा-वीस जण जमले, शेपटीला आणि चाकांना दोर बांधला आणि होडी ओढतात तशी ‘हैसा’ करत ओढली, थेट वलांडीपर्यंत. होड्या तिथेच ठेवतात ना. तिथवर भरती पोहोचत नाही.

"भारी हलकं व्हतं," मावशी म्हणाली. "आमची लहान होडी पन त्याच्यापरीस जड. मी मनात म्हटलं, ह्ये उडतं यात नवल नाय. ह्ये खाली बसतं कसं ह्येच नवल."

"मग ते साहेब आले तेव्हा सांगितलं का नाही?"

"त्यानी इचारलं कवा? नवाला आला, टेप काढली, वालू मोजली, माजी वलांड मोजली नि गेला. आमी आपलं गप. म्हटलं सायेब हाय, त्याला म्हाईत असंल." मग तिने पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. "आनि तू तं त्या दिवशी दुपारी आलतीस नव्हं? चार हात, चार हात करत व्हतीस. तू तरी कुटं इचारलंस?"

हे मी इथे लिहितेय कारण ते खरं आहे. एक टेप घेऊन आला, एक स्टेन्सिल घेऊन गेली. तिसरं कोणी तोंड उघडून विचारलं नाही.

मी मावशीला म्हटलं, ती कडक वाळू दाखव. पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं, दुपार झाली. मग ती मला खाली घेऊन गेली. "टाच मार," म्हणाली. वर वलांडीजवळ टाच घोट्यापर्यंत रुतली होती. खाली, पाणी नुकतंच सोडून गेलेल्या पट्टीवर, टाचेला झिणझिण्या आल्या आणि वाळूवर फक्त एक पांढुरका गोल उमटला, तोही लगेच विरला. मी दहा ठिकाणी टाच मारून पाहिली. मावशी म्हणाली, पुरे कर, कोलबी नाय मिलायची. पण मला तो गोल पुन्हा पुन्हा बघायचा होता. वरून, आठशे फुटांवरून, ही पट्टी कशी ओळखली असेल तिने? नंतर विचारलं तर म्हणाली, ओली वाळू काळपट दिसते आणि चकाकत नाही. चकाकते तिथे पाणी असतं. पांढरी दिसते तिथे भुसभुशीत. समुद्राजवळ उडणाऱ्यांना ते ओळखावंच लागतं.

म्हणजे विमानातली मुलगी आणि बोंबीलवाली मावशी, दोघींना तीच वाळू माहीत होती. माहीत नव्हती ती चिटणिसांना आणि मला.

संपातल्या एका जुन्या कार्यकर्त्याला मी म्हटलं, पहिलं पत्रक मागे घ्यायचंय. तो म्हणाला, "पत्रक मागे घेत नसतात गं. दुसरं काढतात." मी दुसरं काढलं. मथळा, ‘चमत्कार नव्हता. माझी चूक.’ चाळीत कोणाला आवडलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिल्यात कसा देव होता, वाचायला बरं वाटत होतं.

समिती बसली त्या दिवशी मावशी आणि तिचा नवरा नाखवा, दोघं आली. मला आत सोडलं नाही, पण क्लबच्या शेडचं दार पत्र्याचं होतं. एका सदस्याने विचारलं, बाई, तुम्हाला सात चाळीसला पाणी कुठे होतं हे इतकं नक्की कसं आठवतं? घड्याळ होतं का? मावशीचा आवाज बाहेर स्पष्ट आला. "आठवायचं काय त्यात? चौदस व्हती ना! तुमी सांगा कुटची तीथ, मी सांगते पानी कुटं. पुढल्या साली पन." आतून कोणीतरी हसलं. मग नाखवाने विमान कुठून कुठवर ओढलं ते टेबलावर बोटाने काढून दाखवलं असावं, कारण बराच वेळ फक्त ‘इथं, इथून, असं’ एवढंच ऐकू येत होतं.

इंजिनही तोवर उघडलं होतं. मेकॅनिकने सांगितलं, पेट्रोलची रबरी नळी आतून सोलली होती, तिच्या अस्तराचा तुकडा पुढे जाऊन अडकला. बाहेरून नळी ठीक दिसते. उडण्याआधी कितीही तपासा, ते दिसत नाही.

निकाल असा लागला. तिचं नाव काढलं नाही. ती उडते आहे, गेल्या आठवड्यातसुद्धा आमच्या चाळीवरून गेली आणि वडील गॅलरीत येऊन म्हणाले, "चलता हा मा इंजिन?" पण पहिला अहवाल फाइलमध्ये तसाच आहे. निर्णयात चूक, बचाव दैवयोगाने. समितीने सांगितलं की तोंडी साक्षीने लेखी अहवाल बदलत नाही, आणि लेखी म्हणून दुसऱ्या बाजूने फाइलमध्ये एकच कागद आहे. तो म्हणजे माझं पहिलं पत्रक. दुसरं त्यांनी घेतलंच नाही. म्हणाले, हे तुम्ही नंतर लिहिलंय. मोठ्या लायसन्सचा अर्ज करायची वेळ येईल तेव्हा समोरचा साहेब ती फाइल उघडेल आणि तिच्याकडे एक नशीबवान, पण चुकलेली मुलगी म्हणून पाहील. ती मला म्हणते, सोड गं, मला उडायला मिळतंय. मी सोडणार नाही. तो शेरा अर्धा माझ्या हातचा आहे.

नाखवा आणि मावशी आता लिहून द्यायला तयार आहेत. दोघांच्या लेखी साक्षीला समिती म्हणते, एकाच घरची माणसं. ठीक आहे. दोराला पंधरा-वीस हात लागले होते. आणखी पन्नास जण उभे राहून बघत होते. त्यांतले काही वेसावकर नव्हते. अंधेरीहून फिरायला आलेले होते, सकाळी धावणारे होते, मासळी घ्यायला आलेल्या बायका होत्या. तुम्ही त्यांतले असाल.

तर लिहा. चार ओळी पुरेत. विमान पहिल्यांदा कुठे उभं होतं, पाणी तेव्हा कुठवर होतं, त्याला कोणी आणि कुठे ओढत नेलं. जे स्वतः पाहिलंत तेवढंच. खाली सही, सही येत नसेल तर अंगठा. कागद मावशीच्या वलांडीवर आणून द्या, ती सकाळी तिथेच असते. त्यात चमत्कार हा शब्द घातलात तर मी तो कागद परत करीन.